मुलांनीच मुलांना शिकवायचं: स्कॉटलंडच्या शाळांमधला एमव्हीपी, दोन मुलांच्या आईचा रिव्ह्यू

ओळखीतल्या मराठी पालकांकडून हा प्रश्न सारखा येतो की शाळेतून एमव्हीपीचं (हिंसा रोखायला मोठ्या मुलांनी लहानांशी बोलायच्या कार्यक्रमाचं) पत्र आलंय, मुलीला मेंटर व्हायचंय, हायर्सच्या (इथल्या बारावीसारख्या परीक्षेच्या) वर्षात हे कशाला आणि यात नेमकं शिकवतात काय. म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. आम्ही ग्लासगोजवळ राहतो, माझी मुलगी एस-सिक्सला (शाळेच्या शेवटच्या वर्षाला) मेंटर होती आणि त्याच वर्षी धाकटा एस-टूमध्ये (माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षात) समोर बसून ऐकणाऱ्यांत होता (भावाचा वर्ग तिला मुद्दामच दिला नव्हता), त्यामुळे दोन्ही बाजू घरात बघायला मिळाल्या. आधीच सांगते, मला हा कार्यक्रम मनापासून आवडलाय, माझ्या मते इथल्या शाळांमधल्या चांगल्यातल्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. पण तो राबवण्यात कमी पडतात तिथे खूप कमी पडतात, तेही लिहिणारे.

आधी थोडी माहिती. एमव्हीपी म्हणजे मेंटर्स इन व्हायलन्स प्रिव्हेन्शन. 1993 मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत जॅक्सन कॅट्झ यांनी सुरू केलं, तेव्हा कॉलेजातल्या खेळाडू मुलांसाठी होतं, कारण टीममधल्या मुलांचं बाकीची मुलं ऐकतात. स्कॉटलंडमध्ये ते आणलं व्हायलन्स रिडक्शन युनिटने, 2011 च्या सुमारास. हे युनिट म्हणजे ग्लासगोतल्या सुरीबाजीला वैतागून 2005 मध्ये स्ट्रॅथक्लाइड पोलिसांनी उभं केलेलं, हिंसा ही साथीच्या रोगासारखी पसरते तर ती नुसती पकडापकडी करून थांबणार नाही, पसरण्याआधी अडवायला हवी, असा त्यांचा विचार. आता एज्युकेशन स्कॉटलंड या सरकारी शिक्षण संस्थेच्या मदतीने बऱ्याच कौन्सिलच्या (इथल्या स्थानिक पालिकांच्या) शाळांत चालतं, पालकांना एक पैसा पडत नाही.

चालतं कसं, तर एस-फाइव्ह एस-सिक्सची मुलं, म्हणजे आपली अकरावी-बारावीची, मेंटर होतात. त्यांना दोन दिवसांचं ट्रेनिंग मिळतं, ते देतात एमव्हीपीचं ट्रेनिंग घेतलेले शाळेतलेच टीचर आणि कधी कधी बाहेरून आलेली माणसं. मग दोघं-दोघं मिळून, जमेल तिथे एक मुलगा एक मुलगी, पीएसईच्या (व्यक्तिगत आणि सामाजिक शिक्षणाच्या) तासाला लहान वर्गांवर जातात. टीचर मागे बसलेले असतात पण बोलायचं मेंटरनी. विषय सगळे मुलांच्या रोजच्यातले: गर्लफ्रेंड-बॉयफ्रेंडचा फोन तपासणं, कोणाचे फोटो ग्रुपवर फिरवणं, मुलीबद्दल अफवा उठवणं, 'गे' म्हणून चिडवणं, पार्टीत दारू प्यायलेल्या मुलीच्या मागे लागणं, दप्तरात सुरी ठेवणं. प्रत्येक विषयाला एक प्रसंग असतो आणि त्या प्रसंगात तुम्ही मारणारे नसता, मार खाणारेही नसता, तुम्ही बाजूला उभे असता. तुमचा मित्र करतोय, तुमची मैत्रीण सोसतेय, तुम्हाला दिसतंय. मग तुमच्या डोक्यात काय काय येतं आणि तुम्ही काय काय करू शकता, एवढंच बोलायचं.

हे बाजूला उभं राहणाऱ्याशी बोलणं मला सगळ्यात जास्त पटलं. आमच्या वेळी सातारला शाळेत काय व्हायचं, मुलींना हॉलमध्ये बसवून कोणीतरी बाई येऊन सांगायच्या की एकटं फिरू नका, कोणी मागे लागलं तर घरी सांगा, कपडे नीट घाला, आणि तेवढा वेळ मुलांना ग्राउंडवर सोडून द्यायचे. म्हणजे सांभाळायचं सगळं मुलींनी आणि मुलांशी त्या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. आणि कधी बोललेच तर असं की जणू वर्गातला प्रत्येक मुलगा उद्या काहीतरी करणारच आहे, मग मुलं कान बंद करतात, कोणीही करेल. इथे मुलांना पहिल्या मिनिटापासून सांगतात की तुमच्यातली बहुतेक मुलं चांगलीच आहेत, आम्हाला त्या चांगल्या मुलांची मदत पाहिजे. माझा मुलगा स्वतःहून घरी येऊन शाळेतलं काही सांगणाऱ्यातला नाही, पण या तासाबद्दल सांगायचा, कारण त्याला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नव्हतं.

आता सराव कसा चालायचा ते सांगते कारण तिथेच मला हे सगळं नीट समजलं. मुलगी आणि तिचा जोडीदार मेंटर, तिच्याच वर्षातला एक मुलगा, आमच्या डायनिंग टेबलवर तयारी करायचे, आणि एका संध्याकाळी त्यांनी आम्हालाच वर्ग म्हणून बसवलं. प्रसंग असा: कँटीनमध्ये तुम्ही जेवताय, तुमचा मित्र त्याच्या गर्लफ्रेंडच्या हातातून फोन घेतो, मेसेज वाचतो, हा कोण आहे विचारतो, ती काही बोलायला गेली की सगळ्यांसमोर तिला गप्प करतो. तुम्ही काय कराल? नवरा लगेच म्हणाला मी त्याची कॉलर धरेन. मुलगी म्हणाली, बाबा, तो तुझा मित्र आहे, उद्या परत त्याच्याच शेजारी बसायचंय, आणि तू कॉलर धरलीस तर संध्याकाळी तो राग तो कोणावर काढेल? नवरा गप्प. म्हणजे एकतर मारामारी करायची नाहीतर काहीच करायचं नाही, दोनच रस्ते आहेत असं आपल्याला वाटत असतं, आणि या कार्यक्रमाचं खरं काम म्हणजे या दोघांच्या मधले रस्ते मुलांकडूनच काढून घ्यायचे.

सासूबाई तेव्हा नाशिकहून आल्या होत्या, नातीने त्यांना मराठीत प्रसंग समजावला. त्या म्हणाल्या, "आमच्या वाड्यात समोरच्या खोलीतला माणूस बायकोवर हात टाकायचा. सगळे म्हणायचे नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये. आवाज यायला लागला की मी वाटी घेऊन जायचे आणि कडी वाजवायचे, वहिनी, जरा विरजण द्या हो. दार उघडायला लागलं की त्याचा हात खाली यायचा. मग म्हणायचे, चला ना जरा आमच्याकडे, पापड लाटायला माणूस कमी पडतंय." पोरं बघतच राहिली. मुलीने त्या मुलाला इंग्लिशमध्ये सांगितलं तर तो वहीत लिहूनच घ्यायला लागला, कारण ट्रेनिंगमध्ये त्यांना नेमकं हेच शिकवलं होतं, समोरच्याला न भिडता मध्ये काहीतरी घालून ते थांबवायचं आणि मग जिला त्रास होतोय तिला तिथून काढायचं, नंतर एकटीला गाठून विचारायचं. पुढच्या सेशनला तिने तो किस्सा साखर मागायला गेल्याचा करून सांगितला तर समोरून भराभर यायला लागलं, "चल तुला मिस शोधतायत", "माझा चार्जर तुझ्याकडे आहे ना", "माझ्याबरोबर लायब्ररीत ये ना जरा". बारा-तेरा वर्षांची मुलं ही. आणि सासूबाईंनी हे आम्हाला इतक्या वर्षांत कधीच सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंच नव्हतं त्यांना.

धाकट्याच्या बाजूने सांगायचं तर त्याला सगळ्यात लक्षात राहिलेला तास म्हणजे भिंतीवरच्या तीन कागदांचा. एका भिंतीवर 'पटतं', समोर 'पटत नाही', मध्ये 'नक्की माहीत नाही'. मेंटर एक वाक्य वाचतात आणि मुलांनी आपल्या उत्तराच्या कागदाखाली जाऊन उभं राहायचं. वाक्य होतं, खरं प्रेम असेल तर एकमेकांचे पासवर्ड माहीत असायला हवेत. अर्धा वर्ग 'पटतं'खाली गेला, हा त्याच्या मित्राच्या मागे मागे मधल्या कागदाखाली. मेंटर काही बोलले नाहीत, नुसतं एकेकाला विचारत गेले का, आणि कोणाला मत बदलायचं असेल तर चालत दुसरीकडे जायची मुभा. एक मुलगी म्हणाली की माझ्या आईच्या आधीच्या बॉयफ्रेंडने असंच सुरू केलं होतं. एवढंच म्हणाली. त्यावर मुलं हळूहळू हलायला लागली. धाकटा म्हणाला, "आई, हे मिसने सांगितलं असतं तर आम्ही सगळे आधीच 'पटत नाही'खाली जाऊन उभे राहिलो असतो, मिसना तेच हवं असतं ना." मोठ्या मुलांसमोर मुलं खरं उत्तर देतात. आणि एस-सिक्सचा रग्बी खेळणारा मुलगा जेव्हा म्हणतो की माझ्या मित्राने फोटो दाखवायला फोन पुढे केला तेव्हा मी बघितला नाही, तेव्हा एस-टूच्या मुलांवर त्याचा जो परिणाम होतो तो माझ्या शंभर लेक्चरनी होणार नाही.

इथे कायद्याचं पण सांगून ठेवते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे 'मुलांचे उद्योग' वाटतात. स्कॉटलंडमध्ये 2018 चा घरगुती छळाचा कायदा 1 एप्रिल 2019 पासून लागू आहे आणि त्यात जोडीदाराला धाकात ठेवणं, कोणाशी बोलायचं कोणाशी नाही हे ठरवणं, त्याच्यावर पाळत ठेवणं, हेही येतं, एकदाही हात उचलला नसला तरी, आणि शिक्षा 14 वर्षांपर्यंत. कोणाचे नग्न-अर्धनग्न असे खाजगी फोटो त्याच्या परवानगीशिवाय पुढे पाठवणं हा वेगळा गुन्हा, तो 2016 च्या कायद्यात आहे, 5 वर्षांपर्यंत. फोटो अठरा वर्षांखालच्या मुलाचा किंवा मुलीचा असेल तर प्रकरण आणखीच गंभीर. तेव्हा शाळेत हे बोललं जातंय याचा राग येण्यापेक्षा हायसं वाटायला हवं.

मेंटर मुलांचं काय, तर अभ्यास बुडतो का हा पहिला प्रश्न. आमच्याकडे बुडाला नाही, ट्रेनिंग परीक्षा संपल्यावर जूनमध्ये झालं आणि नंतर फ्री पीरियडमध्ये सेशन असायची. उलट पंचवीस-तीस मुलांसमोर उभं राहून, कोणीतरी फालतू कमेंट मारली तर न चिडता तीच कमेंट चर्चेत कशी घ्यायची, हे माझी मुलगी तिथे शिकली. युनिव्हर्सिटीच्या फॉर्ममध्ये लिहायला मिळालं ते वेगळंच, पण तेवढ्यासाठी कोणी पाठवू नका, मुलांना कळतं कोण कशासाठी आलंय.

एक काळजी मला होती की सतरा वर्षांच्या मुलीला कोणी लहान मुलाने येऊन घरातलं काही भयंकर सांगितलं तर ती ते ओझं घेऊन घरी येणार. याचं ट्रेनिंग त्यांना स्पष्ट दिलेलं असतं: तू काउन्सेलर नाहीस, 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, ऐकून घ्यायचं, तू सांगितलंस ते बरं केलंस म्हणायचं आणि त्याच दिवशी गाइडन्स टीचरकडे (मुलांच्या अडचणी बघणाऱ्या शिक्षकांकडे) जायचं. एकदा असं झालंही. तपशील तिने मला सांगितला नाही आणि मी विचारला नाही, पण त्या संध्याकाळी ती खूप शांत होती, आणि दुसऱ्या दिवशी टीचरनी तिला स्वतःहून बोलावून विचारलं की तू बरी आहेस ना. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या शाळेत हे विचारणारं माणूस नाही तिथे मेंटर करण्याआधी मी दोनदा विचार करेन.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, सेशन सलग होत नाहीत. धाकट्याच्या वर्गाला शरद ऋतूत छान सुरुवात झाली आणि मग प्रिलिम्स (मुख्य परीक्षेआधीच्या सराव परीक्षा) आल्या, मेंटर अभ्यासाला गेले, पीएसईचा तास दुसऱ्याच कशाला दिला, नंतर ज्या टीचर हे सगळं बघायच्या त्या रजेवर गेल्या आणि कोणीच उचललं नाही. फोटो शेअर करण्याचं सेशन, जे एस-टूला सगळ्यात गरजेचं, ते तेव्हा झालंच नाही. अशा गोष्टी एका असेंब्लीने होत नाहीत. अमेरिकेत केंटकी राज्यात ग्रीन डॉट नावाचा अशाच धाटणीचा कार्यक्रम 26 हायस्कूल घेऊन तपासला होता, काही शाळांत कार्यक्रम ठेवला आणि काहींत नाही, असं करून काही वर्षं मुलांना विचारत राहिले. 2017 मध्ये त्याचे निकाल छापून आले. कार्यक्रम असलेल्या शाळांत लैंगिक जबरदस्तीचं प्रमाण कमी दिसलं, पण ते ठळकपणे तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तिसऱ्या वर्षी! आणि आपण तीन तास घेऊन पोस्टर लावून मोकळे. एमव्हीपीबद्दलचे बरेचसे अभ्यासही मुलांची मतं किती बदलली आणि आपण मध्ये पडू असं किती जण म्हणतात हेच विचारतात, प्रत्यक्षात त्रास किती कमी झाला हे मोजायचं तर कार्यक्रम आधी वर्षानुवर्षं नीट चालायला हवा.

दुसरी तक्रार मेंटर निवडण्याची. आमच्या शाळेत पहिल्यांदा निवडलेली मुलं बघितली तर सगळी हेड बॉय, हेड गर्ल, डिबेट, म्हणजे टीचरची लाडकी. चांगली मुलं आहेत ती, पण मागच्या बाकावर बसणाऱ्या पोरांना ती आपली वाटत नाहीत. ज्याचं खरंच मुलं ऐकतात असा मुलगा बऱ्याचदा डिटेन्शनमध्ये असतो. नंतर दोन-तीन अशी मुलं घेतली आणि मुलगी म्हणाली की सेशनचा रंगच बदलला.

तिसरी तक्रार आपल्याशी संबंधित आहे म्हणून सगळ्यात जीव तोडून लिहितेय. प्रसंगातला एक पर्याय कायम असतो, 'घरी मोठ्या माणसाला सांगा'. आता आपल्या घरातली, किंवा पाकिस्तानी घरातली, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, जिचा बॉयफ्रेंड आहे हेच घरी माहीत नाही, ती काय सांगणार? आणि त्या मुलाच्या हातात तर हेच हत्यार असतं, "माझं ऐकलं नाहीस तर तुझ्या आईबाबांना सांगेन, फोटो पाठवेन." इथल्या गोऱ्या मुलांना ही धमकीच वाटत नाही, आई-बाबांना कळलं तर कळलं. आपल्या मुलींसाठी तीच सगळ्यात मोठी. मुलीने हे ट्रेनिंगमध्ये बोलून दाखवलं, टीचरनी ऐकून घेतलं आणि मग मेंटरनी मिळून एक प्रसंग त्यावर बेतला, हे कौतुकाचं. पण असे प्रसंग सगळ्या शाळांच्या साहित्यातच आधीपासून हवेत, एखाद्या देसी मुलीने तोंड उघडण्याची वाट बघायला नको. आणि अर्धं काम तर आपलं आहे. माझ्या मुलीला मी तेव्हाच सांगितलं की कोणीही कधीही मला सांगायची धमकी दिली तर तू आधी ये, मी ओरडणार नाही, कोण, कसा, कधीपासून हे नंतर, आधी तुला त्यातून सोडवू. धाकट्यालाही तेच सांगितलं, मुलांनाही फोटोवरून ब्लॅकमेल करतात. तुमच्या घरात हे वाक्य बोललं गेलंय का बघा. आज रात्री जेवताना बोला.

पालकांपर्यंत माहिती पोचवण्यातही आमची शाळा कमी पडली. एक ईमेल, त्यात दोन ओळी, आणि 'व्हायलन्स' शब्द वाचून अर्धे पालक घाबरले की आमच्या मुलाने काय केलं. एका ओळखीच्या घरात तर वडिलांनी मुलीला मेंटर होऊ दिलं नाही, म्हणाले आपल्या मुलींना हे नको ते कशाला. हे सेक्सचे तास नाहीत, कोणी मुलांना अफेअर करायला शिकवत नाही. अफेअर असो नसो, समोरच्याचा मान ठेवून कसं वागायचं आणि कोणी तसं वागत नसेल तर काय करायचं, एवढंच आहे. एका संध्याकाळी पालकांनाच बसवून मेंटरनी एक सेशन घ्यावं, आमच्या डायनिंग टेबलवर झालं तसं, मग कोणाला शंका राहणार नाही.

भारतातल्या मैत्रिणी विचारतात आपल्याकडे असं काही आहे का. आहे, पण विखुरलेलं. मुंबईत 2008 पासून महापालिकेच्या 45 शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर 'जेम्स' नावाचा मुलगा-मुलगी समानतेचा कार्यक्रम झाला होता, कोरो ही मुंबईतली संस्था, टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि आयसीआरडब्ल्यू (महिलांविषयी संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) यांनी मिळून केलेला, नंतर तो इतर राज्यांतही गेला. पुरुषांनी पुरुषांशी बोलायचं या विचाराने 1993 मध्ये हरीश सदानी आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेली 'मावा' संस्था 2006 पासून कॉलेजच्या मुलांना ट्रेनिंग देऊन त्यांच्याकरवी बाकीच्या मुलांशी बोलतेय, ते तर एमव्हीपीच्या अगदी जवळचं. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती 2022 पासून असायला हवी असा सरकारी आदेश आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत ती आहे का, असली तर शेवटची कधी बसली, हे विचारा. मोठी मुलं-लहान मुलं हे नातं आपल्या शाळांमध्ये इथल्यापेक्षा घट्ट असतं, नववी-दहावीचे दादा-ताई काय म्हणतात ते पाचवी-सहावीला ब्रह्मवाक्य असतं, त्याचा उपयोग कोणी करून घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्याकडून कार्यक्रमाला 5 पैकी साडेचार, आमच्या शाळेने राबवलं त्याला 3. मुलांना जरूर पाठवा, ऐकायलाही आणि मेंटर म्हणूनही. शाळेला मात्र आधी विचारून घ्या की एस-वन ते एस-थ्रीला वर्षात किती सेशन होणार आणि त्यांच्या तारखा ठरल्यात का, मेंटर परीक्षेला गेले की कोण घेणार, जबाबदार टीचर रजेवर गेल्या तर दुसरं ट्रेनिंग घेतलेलं कोणी आहे का, आणि मेंटर मुलांची स्वतःची विचारपूस कोण करतं. उत्तर आलं नाही तर पेरेंट काउन्सिलमध्ये (शाळेच्या पालक समितीत) विषय घ्या. आम्ही चार-पाच पालकांनी मिळून घेतला तेव्हा राहिलेलं फोटोंचं सेशन उन्हाळ्याच्या सुट्टीआधी बसवलं गेलं, आणि पुढच्या वर्षीच्या तारखा तेव्हाच टाइमटेबलमध्ये पडल्या.